'द'च्या डावीकडे, 'द'च्या उजवीकडे

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीचा क्लास पुण्यातला असो की परभणीतला, एक तक्ता तिथल्या फळ्यावर उमटल्याशिवाय राहत नाही. 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच. 'अ फ्यू' म्हणजे थोडे आहेत. 'द फ्यू' म्हणजे आहेत थोडेच, पण आहेत तेवढे सगळे. त्याखाली तशाच तीन ओळी 'लिटल'च्या. पोरं सहाही ओळी उतरवून घेतात, सर 'यावर एक मार्क ठरलेला' असं बजावतात आणि पुढचा धडा सुरू होतो.

तक्त्यात दिलेला एकही अर्थ खोटा नाही. फसवं आहे ते तक्त्याचं रूप. एकाखाली एक तीन ओळी दिसल्या की विद्यार्थ्याची समजूत होते, हे तीन वेगळे शब्द आहेत आणि तिसऱ्याला 'फ्यू' व 'द' यांच्या संगतीतून काही खास अर्थ चिकटला आहे. मग 'ऑल द'साठी निराळी ओळ, 'मोस्ट ऑफ द'साठी निराळी, 'बोथ द'साठी आणखी एक. संख्या किंवा प्रमाण सांगणारा शब्द 'द'शेजारी आला की नवा नियम. वही भरत जाते आणि शेवटी विद्यार्थी हात टेकतो. 'द' कुठे लागतं ते इंग्रजांनाच ठाऊक, आपण पाठ करायचं.

हात टेकण्याचं काहीच कारण नाही. या सगळ्या जोड्यांत 'द' एकच काम करतं, आणि ते 'द डोअर' किंवा 'द प्राइम मिनिस्टर' यांतल्यापेक्षा वेगळं नाही. बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही ओळखता येईल अशी वस्तू किंवा गट, आणि तोही अख्खा, ते समोर ठेवतं. बदलते ती प्रमाणाच्या शब्दाची जागा. तो 'द'च्या उजवीकडे बसला तर त्या गटाचा आकार सांगतो. डावीकडे बसला तर त्या गटातला किती वाटा घ्यायचा ते सांगतो. 'द फ्यू फ्रेंड्स ही हॅड' यात 'फ्यू' उजवीकडे आहे: मित्रांचा गट लहान. 'हाफ द फ्रेंड्स', 'ऑल द फ्रेंड्स' यांत प्रमाण डावीकडे आहे: गट कितीही मोठा असो, त्यातले निम्मे, त्यातले सगळे. दोन्ही बाजू एकदम भरल्या तरी गोंधळ होत नाही. 'मोस्ट ऑफ द फ्यू फ्रेंड्स ही हॅड' म्हणजे त्याच्या मोजक्या मित्रांपैकी बहुतेक. 'मोस्ट' वाटा सांगतो, 'फ्यू' आकार. फळ्यावरच्या तक्त्यात या वाक्यासाठी कुठलीच ओळ नाही.

तक्त्याचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. भारतातल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण १९३०च्या दशकात मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांनी आणलं. त्यातले पी. सी. रेन म्हणजे 'बो जेस्ट' या १९२४ सालच्या गाजलेल्या कादंबरीचे लेखक. ते भारतीय शिक्षण सेवेत होते आणि मुंबई इलाख्यातल्या शाळकरी मुलांच्या इंग्रजीशी त्यांचा नोकरीनिमित्त रोजचा संबंध आला. विशेषणांच्या प्रकरणात 'लिटल' आणि 'फ्यू' यांच्या त्रिकुटांना त्यांच्या पुस्तकात स्वतंत्र जागा आहे. मात्र त्या जागेत एक गोष्ट होती जी गाईडं आणि क्लासनोट्स यांच्या प्रवासात गळून पडली. पुस्तकातली 'द फ्यू'ची आणि 'द लिटल'ची वाक्यं पाहिली तर नामाच्या मागे बहुधा एक छोटं उपवाक्य लटकलेलं असतं: त्याने जे काही सांगितलं, त्याच्याकडे जी काही माहिती होती, अशा अर्थाचं. ते शेपूट शोभेचं नव्हतं. कोणते मित्र, कोणती माहिती, हे त्या शेपटामुळे ठरतं, आणि ते ठरल्याशिवाय 'द'ला उभं राहायला जागाच मिळत नाही. नोट्सवाल्यांनी शेपूट छाटलं आणि अर्थाचं श्रेय 'फ्यू'ला देऊन टाकलं.

श्रेय 'फ्यू'चं नाही हे तपासायला एक बदल पुरेसा आहे. 'द' काढा आणि तिथे 'माय', 'दीज' किंवा एखाद्याचं नाव षष्ठीत घाला. 'माय फ्यू फ्रेंड्स', 'दीज फ्यू डेज', 'गांधीज फ्यू पझेशन्स'. गांधीजींच्या मोजक्या वस्तू म्हटलं की वस्तू थोड्या, पण होत्या तेवढ्या सगळ्या, हाच अर्थ हाती येतो. म्हणजे 'थोडेच पण सगळे' यातलं 'सगळे' त्या जागेवर बसलेल्या कोणत्याही निश्चयवाचक शब्दातून येतं आणि 'थोडेच' तेवढं 'फ्यू'मधून. आता 'फ्यू' बदलून पाहा. 'द थ्री डॉक्युमेंट्स यू सेंट', 'द मेनी लेटर्स शी रोट', 'द सेव्हरल अटेम्प्ट्स दे मेड'. तीनच पण पाठवलेली सगळी, पुष्कळ आणि लिहिलेली सगळी. गणित तेच. तक्ता बनवायचाच तर तो कधीच संपणार नाही, आणि समजून घ्यायचं तर दोन वाक्यांत संपतं.

'द'मधून 'सगळे' कसं निघतं, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी शंभराहून अधिक वर्षं चघळला आहे. बर्ट्रंड रसेल यांनी १९०५ साली 'माइंड' या नियतकालिकात 'ऑन डिनोटिंग' हा निबंध लिहिला तेव्हा त्यांनी 'द'ला 'ऑल', 'एव्हरी', 'सम' यांच्याच रांगेत बसवलं. 'फ्रान्सचा सध्याचा राजा' या त्यांच्या प्रसिद्ध उदाहरणात 'द' सांगतं की असा एक आहे आणि एकच आहे. ही झाली एकवचनाची गोष्ट. रिचर्ड शार्वी यांनी १९८० साली तीच कल्पना अनेकवचनाला आणि पाणी, पैसा, माहिती अशा न मोजता येणाऱ्या नामांनाही लागू होईल अशा रीतीने मांडली: त्या वर्णनात बसणारा सर्वांत मोठा साठा, काहीही बाहेर न ठेवता. 'द लिटल मनी ही हॅड' म्हणजे त्याच्याकडे होता नव्हता तो सगळा पैसा. एकवचनात जे 'एकमेव' दिसतं तेच अनेकवचनात 'सगळे' होऊन दिसतं. फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीचं गूढ एवढंच.

कधीकधी शेपटाशिवाय 'द फ्यू' दिसतं, तेही या हिशोबात चपखल बसतं. ब्रिटिश हवाई दलातल्या लढाऊ वैमानिकांबद्दल विन्स्टन चर्चिल २० ऑगस्ट १९४० रोजी संसदेत बोलले आणि त्या भाषणानंतर 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये उडालेल्या वैमानिकांचं नावच 'द फ्यू' पडलं. कोणते थोडे हे तिथे सांगावं लागत नाही, आख्ख्या देशाला ठाऊक आहे. लेबर पक्षाने २०१७च्या जाहीरनाम्याला 'फॉर द मेनी, नॉट द फ्यू' असं नाव दिलं तेव्हाही तेच. 'फॉर मेनी, नॉट फ्यू' असं असतं तर तो नुसता मतदारांचा अंदाज वाटला असता. 'द' लागताच समाजाचे दोन अख्खे वर्ग समोर उभे राहतात. न्यूयॉर्कच्या 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट' आंदोलनाने २०११ साली ९९ टक्के या आकड्याला 'द' लावून तेच साधलं. टक्केवारीचा आकडा 'द'च्या उजवीकडे गेला आणि त्याचा जमाव झाला.

आता डावी बाजू, जिथे जास्त गोंधळ आहे आणि जास्त आत्मविश्वासाने चुकीचं शिकवलंही जातं. 'ऑल'नंतर 'द' लावा किंवा न लावा, चालतं, असं अनेक नोट्समध्ये सरळ लिहिलेलं असतं. चालत नाही. 'ऑल स्टुडंट्स पे फीज' हे विद्यार्थी या जातीबद्दलचं विधान आहे: जो कोणी विद्यार्थी असेल तो फी भरतो. 'ऑल द स्टुडंट्स पेड द फी' हे एका वर्गाबद्दल, एका शाळेबद्दल, ऐकणाऱ्याला ठाऊक असलेल्या पोरांबद्दल आहे. सगळी माणसं मर्त्य असतात हे न्यायवाक्य इंग्रजीत 'ऑल मेन' असंच सांगतात. तिथे 'ऑल द मेन' घातलं तर ऐकणारा विचारेल, कुठली माणसं? हा फरक कानाला बारीक वाटतो, पण करारात किंवा नोटिशीत बसला की पैशांचा होतो. 'ऑल एम्प्लॉयीज' उद्या नेमल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यालाही कवेत घेतं, 'ऑल द एम्प्लॉयीज' वाचणारा आधी कोणाकोणाची यादी डोळ्यांसमोर आहे ते पाहतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो चांगला आक्षेप आहे. 'द'मध्येच 'सगळे' आहे तर मग 'ऑल द' ही द्विरुक्ती नाही का? नाही. पीटर लेझरसन या भाषाशास्त्रज्ञाने १९९९ सालच्या एका निबंधात यावर नेमकं बोट ठेवलं. गावकरी झोपले, असं 'द टाउन्सपीपल आर अस्लीप' मध्ये म्हटलं आणि एखादा राखणदार जागा असला तर वाक्य खोटं पडलं असं कोणी म्हणत नाही. 'ऑल द टाउन्सपीपल' म्हटलं की तो एक जागा राखणदारही वाक्याला खोटं पाडतो. 'द' गट अख्खा समोर ठेवतं, पण बोलण्यात थोडी ढील सोडतं. 'ऑल' ती ढील ओढून घेतं. दोघांची कामं वेगळी आहेत म्हणून दोघं शेजारी बसू शकतात.

'बोथ'चं प्रकरण मात्र खरोखर वेगळं आहे आणि वेगळं का, हेही सांगता येतं. 'बोथ ब्रदर्स', 'बोथ द ब्रदर्स', 'बोथ ऑफ द ब्रदर्स' या तिन्हींत अर्थाचा फरक जवळजवळ नाही, कारण ज्यांच्याबद्दल बोलायचं ते दोनच आहेत हे आधी ठाऊक असल्याशिवाय 'बोथ' तोंडातून निघतच नाही. निश्चितता त्या शब्दाच्या पोटात आहे. 'द' लावलं तर बिघडत नाही, काढलं तर उणं पडत नाही. 'ऑल'च्या पोटात ती नाही. दोन्हींना एकाच नियमाच्या ओळीत कोंबून 'द ऐच्छिक' असा शिक्का मारला की एकाच्या बाबतीत खरं आणि दुसऱ्याच्या बाबतीत खोटं असं काहीतरी विद्यार्थ्याच्या हाती लागतं.

'मोस्ट'ने तर किती बळी घेतले त्याला गणती नाही. 'मोस्ट ऑफ पीपल', 'मोस्ट ऑफ स्टुडंट्स' ही रूपं महाराष्ट्रातल्या उत्तरपत्रिकांत आणि मुलाखतींत सर्रास भेटतात. डाव्या-उजव्याचा हिशोब इथे चुटकीसरशी उत्तर देतो. 'ऑफ' म्हणजे 'पैकी'. 'पैकी' म्हणायचं तर कशापैकी, तो गट आधी निश्चित हवा. म्हणून 'ऑफ'नंतर 'द', 'दीज', 'माय' असं काहीतरी हवंच. गट निश्चित करायचा नसेल तर 'ऑफ'लाही तिथे काम नाही, 'मोस्ट पीपल' पुरे. रे जॅकनडॉफ यांनी १९७७च्या आपल्या पुस्तकात हे बंधन मांडल्यापासून भाषाशास्त्रात ते नाव घेऊन ओळखलं जातं, पण क्लासमधल्या पोरांना ते जॅकनडॉफशिवायही कळेल. 'लोकांपैकी बहुतेक' असं मराठीत तरी कोण म्हणतं, जोवर कोणते लोक ते ठरलेलं नसतं?

याच 'पैकी'चा एक चकवा जाहिरातींत सापडतो. 'नाइन आउट ऑफ टेन डेंटिस्ट्स' म्हणजे दर दहा दंतवैद्यांमागे नऊ, हे प्रमाण झालं. हजारांना विचारलं असेल किंवा वीसांना. 'नाइन आउट ऑफ द टेन डेंटिस्ट्स' म्हटलं की दंतवैद्य एकूण दहाच होते हे उघडं पडतं. टूथपेस्ट विकणारा दुसरं वाक्य का लिहीत नाही हे सांगायला नको.

ज्यांना हा सगळा कीस वाटतो त्यांनी जून २०२२मधला, शिवसेनेतल्या फुटीच्या वेळचा महाराष्ट्र आठवावा. चहाच्या टपरीवरसुद्धा तेव्हा लोक ३७ हा आकडा बोलत होते. विधानसभेत शिवसेनेचे ५५ आमदार होते, त्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे ३६.६७, म्हणून ३७. हा आकडा आला राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीच्या चौथ्या परिच्छेदातून. विधिमंडळ पक्षातल्या किमान दोन-तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरणाला संमती दिली तर मूळ पक्षाचं विलीनीकरण झालं असं मानावं, अशी ती तरतूद. इंग्रजी मजकुरात अपूर्णांक आहे, त्यापुढे 'ऑफ द मेंबर्स' आहे आणि त्यापुढे पुन्हा 'ऑफ द' लावून विधिमंडळ पक्ष आहे. अपूर्णांकाबद्दल कोणाचं दुमत नव्हतं, भागाकार सगळ्यांना येत होता. भांडण सगळं उजव्या बाजूचं होतं: मोजायचा गट कोणता, आमदारांचा विधिमंडळ पक्ष की बाहेरचा राजकीय पक्ष, आणि एकाच्या संख्येवरून दुसऱ्याबद्दल किती बोलता येतं. एक-तृतीयांशांच्या फुटीला संरक्षण देणारा तिसरा परिच्छेद २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने आधीच काढून टाकलेला होता, त्यामुळे ती पळवाट उरली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी निकाल दिला तेव्हा विधिमंडळ पक्ष आणि राजकीय पक्ष या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढल्या आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा असल्याचं सांगितलं. राजकारण कोणाला पटो न पटो, वाक्यरचनेच्या दृष्टीने न्यायालय काय करत होतं? 'ऑफ द'च्या पुढे काय आहे ते वाचत होतं.

घटनेच्या ३६८व्या कलमात तर एकाच वाक्यात दोन निरनिराळे गट आहेत. घटनादुरुस्तीला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत हवं, आणि शिवाय उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या दोन-तृतीयांशांचा पाठिंबा हवा. लोकसभेच्या ५४३ जागांवरून पहिला आकडा २७२. दुसरा आकडा त्या दिवशी किती जणांनी मत दिलं त्यावर ठरतो. महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत २० सप्टेंबर २०२३ रोजी ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. मतं पडली ४५६, त्यांचे दोन-तृतीयांश ३०४. दोन्ही उंबरठे ओलांडले गेले, पण ते उंबरठे दोन होते याचं कारण डावीकडचे अपूर्णांक जितके वेगळे तितकेच उजवीकडचे गटही वेगळे. हे वाचायला जे व्याकरण लागतं ते 'द फ्यू'च्या तिसऱ्या ओळीत मिळत नाही.

मग दुसऱ्या टोकाचा युक्तिवाद येतो, आणि तो करणारे बहुधा सहानुभूतीने करतात. मराठीत उपपदंच नाहीत, त्यामुळे मराठी मुलाला हे आतून कळणं शक्य नाही, त्याला तक्ताच द्यावा. हा युक्तिवाद मराठी न ऐकताच केलेला आहे. मराठीत 'द'सारखा शब्द नाही हे खरं. पण 'तीन आंबे खाल्ले' आणि 'तिन्ही आंबे खाल्ले' यांतला फरक पाच वर्षांच्या पोराला कळतो. पहिल्यात टोपलीत किती होते देव जाणे, दुसऱ्यात टोपली रिकामी. 'चार मुलं आली' आणि 'चारही मुलं आली' यांतही तेच. 'तिन्ही' या एका शब्दात इंग्रजीतले डावा वाटा, मधलं 'द' आणि उजवा आकार असे तिन्ही घटक एकवटलेले आहेत. 'पैकी' आणि 'त्यातले' हे शब्द तर जॅकनडॉफचं बंधन रोज पाळतात. जे मूल 'तिन्ही' म्हणतं त्याला गट निश्चित असणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. इंग्रजीत ती निश्चितता वाक्यात कुठे बसते, एवढंच दाखवावं लागतं.

'तिन्ही'मुळेच एक गंमत घडली आहे. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांत 'ऑल द थ्री कँडिडेट्स' हे रूप पदोपदी दिसतं. ब्रिटिश आणि अमेरिकन लेखनात 'ऑल थ्री कँडिडेट्स' जास्त रुळलेलं आहे, आणि त्यामुळे आपल्याकडचे काटेकोर लोक 'ऑल द थ्री'वर लाल शाई फिरवतात. चूक कुठे आहे ते मात्र त्यांना सांगता येत नाही. रँडॉल्फ क्वर्क, सिडनी ग्रीनबॉम, जेफ्री लीच आणि यान स्वार्टविक यांच्या १९८५च्या प्रचंड व्याकरणात नामाआधीच्या शब्दांना तीन जागा दिल्या आहेत: 'द'च्या आधीची, 'द'ची स्वतःची आणि 'द'च्या नंतरची. 'ऑल', 'बोथ', 'हाफ' पहिल्या जागेवर, 'द', 'माय', 'दीज' मधल्या जागेवर, 'थ्री', 'फ्यू', 'मेनी' तिसऱ्या जागेवर. 'ऑल द थ्री' मध्ये तिन्ही जागा नेमक्या क्रमाने भरलेल्या आहेत. लंडनच्या संपादकाला ते जड वाटेल, त्याच्या कानाला सवय नाही म्हणून. सवय म्हणजे व्याकरण नव्हे. 'द ऑल थ्री' असं कोणी लिहिलं तर मात्र लाल शाई खुशाल वापरावी, कारण तिथे जागांचीच अदलाबदल झाली.

वेळ कुठे आहे, हा क्लासचालकांचा शेवटचा मुद्दा. परीक्षेत प्रश्नाला अर्धं मिनिट मिळतं, त्यात रसेल आणि क्वर्क कोण आठवणार? प्रश्नच घेऊन पाहू. रिकामी जागा, पुढे 'लिटल मनी ही हॅड वॉज स्टोलन', पर्याय तीन. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी तिन्ही ओळी मनात घोळवतो: नाहीच, थोडा, थोडा पण सगळा. चोरीला 'थोडा' पैसाही जाऊ शकतो, म्हणून तो दुसऱ्या पर्यायापाशी अडखळतो. ज्याला जागा कळल्या आहेत तो थेट 'मनी'च्या मागे पाहतो. तिथे 'ही हॅड' आहे, गट ठरला, 'द'. पाच सेकंद. त्याच पेपरात पुढे 'अ नंबर ऑफ' आणि 'द नंबर ऑफ' यांतला क्रियापदाचा प्रश्न असतो, ज्यासाठी गाईडात आणखी एक तक्ता आहे. 'द नंबर' म्हणजे तो ठरावीक आकडा, आकडा एकच, म्हणून क्रियापद एकवचनी. 'अ नंबर ऑफ' म्हणजे नुसतं 'बरेच', म्हणून क्रियापद त्या बऱ्याच जणांच्या वचनाचं. 'द'चं काम आधी कळलेलं असेल तर हाही प्रश्न पाठांतराचा उरत नाही.

तक्त्याची पहिली ओळ मात्र व्यवहारात खरोखर उपयोगी आहे, हे मान्य करायला हवं. हिंजवडीतून परदेशी ग्राहकाला गेलेल्या ईमेलमधलं 'आय हॅव फ्यू डाउट्स' हे वाक्य आता विनोदाचा विषय झालं आहे. पाठवणाऱ्याला म्हणायचं असतं, काही शंका आहेत, विचारू का? वाचणाऱ्याला दिसतं, शंका जवळजवळ नाहीतच. तो निर्धास्त होतो आणि काम अडतं. सुटलेलं 'अ' इतकं महाग पडू शकतं.

पण त्या 'अ'चं काय, असं कोणी बारकाईने विचारलं तर वर मांडलेल्या सगळ्याला धक्का बसेल असं वाटतं. 'अ' एकवचनाचं उपपद, 'फ्रेंड्स' अनेकवचन, मग 'अ फ्यू फ्रेंड्स' कसं? इथेच तक्त्याला खरी सूट द्यावी, हा अपवाद पाठ करावा, असं त्याचे समर्थक म्हणतील. अपवाद नाही. इंग्रजीत 'अ फर्दर टेन डेज' म्हणतात, 'अ मेअर थ्री वीक्स' म्हणतात, 'अ गुड मेनी पीपल' म्हणतात. संख्येला एक गठ्ठा म्हणून बांधायचं असलं की 'अ' त्याच मधल्या जागेवर येऊन बसतं. 'अ फ्यू' हा असाच बांधलेला छोटा गठ्ठा, अजून कोणी न ओळखलेला, म्हणून त्याला 'द' नाही. मधली जागा एकच असल्यामुळे 'द अ फ्यू' असं कधीच होत नाही. 'एव्हरी'ही त्याच जागेचा मानकरी, म्हणून 'द एव्हरी' होत नाही, पण 'हिज एव्हरी मूव्ह' मात्र होतं. तिथे क्वर्क यांच्या तीन जागांचा हिशोबही थोडा हलतो, आणि २००२ साली रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांचं अठराशेहून अधिक पानांचं केंब्रिज व्याकरण आलं तेव्हा त्यांनी या सगळ्या शब्दांची वर्गवारी नव्याने मांडली. 'फ्यू'पुरतं बोलायचं तर मधली जागा रिकामी असेल, तिथे 'अ' असेल, 'द' असेल, किंवा 'माय', 'दीज', 'गांधीज' असेल. शब्द एकच आहे.